‘स्मोक ऑन द वॉटर’ची लय, पट्टी आणि घडण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर आणि निपाणी या भागांतून गिटार शिकायला येणाऱ्या अनेकांचे कान आधी भजनी मंडळात किंवा हार्मोनियमच्या वर्गात तयार झालेले असतात, आणि रॉकमधले पहिले गाणे म्हणून त्यांना बहुतेक वेळा हेच गाणे हवे असते. त्यांनी आणि त्यांच्या पालकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. हे गाणे समजण्यासाठी लागणारी बहुतेक साधने, म्हणजे सरगम, मात्रा आणि पट्टी, आपल्याकडे आधीपासूनच आहेत असे माझे ठाम मत असल्यामुळे उत्तरे शक्य तेथे त्याच भाषेत दिली आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. त्या उत्तराचा निर्देश केला आहे.

हे गाणे कोणाचे आणि कोणत्या काळातले आहे?

हे गाणे डीप पर्पल या इंग्रज बँडचे असून ते 1972 सालच्या ‘मशीन हेड’ या अल्बममध्ये आहे. रिची ब्लॅकमोर यांची गिटार, जॉन लॉर्ड यांचा ऑर्गन, रॉजर ग्लोव्हर यांचा बेस, इयान पेस यांचे ड्रम आणि इयान गिलन यांचा आवाज असा त्याचा संच आहे. 4 डिसेंबर 1971 रोजी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो येथील कॅसिनोला फ्रँक झापा यांचा कार्यक्रम सुरू असताना आग लागली आणि तिचा धूर जिनिव्हा सरोवरावर पसरला, ही गाण्यामागची घटना आहे. त्याच कॅसिनोत ध्वनिमुद्रण करण्यासाठी हा बँड तेथे आलेला होता.

गाणे कोणत्या पट्टीत आहे? हार्मोनियमवर सा कोठे धरायचा?

गाणे जी मायनरमध्ये आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर सा पांढरी पाच. गिटारची तिसरी तार मोकळी छेडली की हाच स्वर मिळतो. त्याची कंपने सेकंदाला 196 असतात. ‘मायनर’ या शब्दाचा येथे मुख्य अर्थ एवढाच की गंधार कोमल आहे. मात्र हा कोमल गंधार गाण्यात कसा येतो, हे थोडे गुंतागुंतीचे आहे आणि त्याचे उत्तर पुढे मेजर-मायनरच्या प्रश्नात दिले आहे.

लय किती आहे?

मूळ ध्वनिमुद्रणात मिनिटाला साधारण 112 ते 116 ठोके पडतात. घड्याळ समोर ठेवून 15 सेकंद पायाने ठेका धरला तर सुमारे 28 ठोके मोजले जातील. ही लय मध्य आहे, द्रुत नाही. नवे विद्यार्थी जवळजवळ नेहमी ती वाढवतात, कारण रिफमधल्या, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या छोट्या सुरावटीतल्या, रिकाम्या जागांत थांबणे त्यांना जड जाते. मुख्य रिफ एकदा पुरी होण्यास साधारण साडेआठ सेकंद लागतात. आपली रिफ सात सेकंदांत संपत असेल तर बोटे कितीही सफाईने चालत असोत, गाणे चुकले आहे असे समजावे.

रिफमध्ये नेमके कोणते स्वर आहेत आणि ते कोणत्या मात्रेवर पडतात?

चार मात्रांचे चार खंड, म्हणजे एकूण सोळा मात्रांचे हे आवर्तन आहे, आणि त्रितालाची सवय असलेल्याला ही मोजणी अगदी घरची वाटेल. वरच्या तारेची सुरावट पाहिली तर सा, कोमल ग, शुद्ध म आणि तीव्र म असे चारच स्वर आहेत, आणि सोळा मात्रांत गिटार फक्त बारा वेळा छेडली जाते.

पहिल्या मात्रेवर सा, दुसरीवर कोमल ग, तिसरीवर म. चौथ्या मात्रेच्या उत्तरार्धात सा, पाचव्याच्या उत्तरार्धात कोमल ग, सहाव्याच्या उत्तरार्धात तीव्र म आणि लगेच सातव्या मात्रेवर शुद्ध म, जो आठवी मात्रा संपेपर्यंत टिकतो. नवव्या मात्रेवर पुन्हा सा, दहावीवर कोमल ग, अकरावीवर म. नंतर बाराव्याच्या उत्तरार्धात कोमल ग आणि तेराव्याच्या उत्तरार्धात सा, आणि हा सा आवर्तन संपेपर्यंत टिकतो.

या रचनेत काय घडते ते त्रितालाच्या टाळ्यांवर ताडून पाहावे. पहिल्या मात्रेची सम आणि नवव्या मात्रेची खाली या दोन्ही जागांवर रिफ ठामपणे सुरू होते, पण पाचवी आणि तेरावी या टाळीच्या जागांवर गिटार नवा आघात करत नाही. आघात त्यांच्या आधी अर्धी मात्रा आणि नंतर अर्धी मात्रा असे दोन्ही बाजूंना येतात. गाण्याला जो पुढे रेटणारा जोर आहे तो याच दोन मोकळ्या टाळ्यांमधून येतो. बहुतेक विद्यार्थी पाचव्या मात्रेवर ग वाजवून ती जागा भरून टाकतात. मीही सुरुवातीची काही वर्षे तेच करत होतो, आणि हाताने त्रितालाच्या टाळ्या देत तोंडाने सरगम म्हणू लागल्यावरच ती चूक गेली. विद्यार्थ्यांनाही मी हाच मार्ग सांगतो : गिटार बाजूला ठेवावी आणि आधी टाळीवर सरगम म्हणावी.

स्वर आणि मात्रा बरोबर असूनही माझी रिफ मूळ गाण्यासारखी का वाटत नाही?

याचे कारण बहुधा हे असते की आपण एकच तार वाजवत आहात, किंवा पॉवर कॉर्ड, म्हणजे मूळ स्वर आणि त्याच्या वरचा पंचम अशी जोडी, वाजवत आहात. मूळ गाण्यात प्रत्येक स्वराच्या खाली चार स्वरांच्या अंतरावरचा दुसरा स्वर त्याच क्षणी वाजतो. हे अंतर म्हणजे आपला षड्ज-मध्यम भाव. गिटारची तिसरी आणि चौथी तार मुळातच या अंतराने लावलेली असते, म्हणून दोन्ही तारांवर एकच फ्रेट (गिटारच्या दांडीवरचा पडदा) दाबला की काम होते : मोकळ्या, तिसरा, पाचवा, मोकळ्या, तिसरा, सहावा, पाचवा, मोकळ्या, तिसरा, पाचवा, तिसरा, मोकळ्या.

या जोड्या सरगममध्ये लिहिल्या तर एक सुंदर गोष्ट हाती लागते. सा वाजतो तेव्हा खाली मंद्र पंचम असतो. कोमल गंधाराखाली मंद्र कोमल निषाद, मध्यमाखाली षड्ज आणि तीव्र मध्यमाखाली कोमल रिषभ. यातली पहिली जोडी, मंद्र पंचम आणि षड्ज, ही तानपुऱ्याच्या पहिल्या दोन तारांची जोडी आहे. बेळगावहून रेल्वेने मिरजेला जाऊन तानपुरा लावून आणणाऱ्या घरातल्या मुलाला हा नाद नवा नसतो. तो त्याने झोपेतही ऐकलेला असतो. ही ओळख पटली की ‘रॉकचा आवाज’ परका वाटणे थांबते, असा माझा अनुभव आहे.

छेडण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. ब्लॅकमोर ही रिफ पिकने (तारा छेडण्याच्या छोट्या चकतीने) खरवडत नाहीत. दोन्ही तारा बोटांनी एकाच वेळी उचलतात. पिकने मारल्यास एक तार आधी आणि दुसरी किंचित नंतर वाजते, आणि तेवढ्याने जोडीचा एकजीव नाद फुटतो.

आम्हाला ही रिफ सहाव्या तारेवर शिकवली होती. ती पद्धत चूक आहे का?

सुरावट चुकीची नाही, पट्टी वेगळी आहे. सहाव्या तारेवर मोकळी, तिसरा, पाचवा असे वाजवले की सा ई वर, म्हणजे पांढरी तीनवर येतो. पहिल्या आठवड्यात बोट चालावे म्हणून ही सोपी वाट ठीक आहे, पण मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर ती जुळणार नाही आणि तिच्यात वर सांगितलेली जोडीही नाही. दोन तारांवरची पद्धत इतकी सोपी आहे की ती पुढे ढकलण्याचे कारण मला दिसत नाही.

याचा राग कोणता?

सुळेभावी येथे 1924 साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या या मुलखात कोणतीही सुरावट ऐकली की हा प्रश्न येतोच, आणि तो चांगला प्रश्न आहे. सरळ उत्तर असे की हा राग नाही, कारण रागाला लागणारे चलन, न्यास आणि आरोह-अवरोहाचे नियम येथे नाहीत. ही ब्लूज सुरावळ आहे.

तरीही जवळचा शेजारी सांगता येतो. सा, कोमल ग, म, प, कोमल नि हे धानी रागाचे मुख्य स्वर. त्यांत तीव्र मध्यम मिळवला की ब्लूजची सुरावळ तयार होते. दोन्ही मध्यम लागोपाठ घेणे आपल्याला ललतमुळे ठाऊक असते, मात्र ललतमध्ये गंधार शुद्ध असतो, म्हणून भाव पूर्ण वेगळा राहतो. या गाण्यात तीव्र मध्यमावर थांबायचे नसते. तो अर्ध्या मात्रेपुरता येतो आणि शुद्ध मध्यमावर उतरतो. त्यावर रेंगाळल्यास रिफ कोलमडते.

एक अ‍ॅप जी मायनर दाखवते, दुसरे बी फ्लॅट मेजर. खरे कोणते?

जी मायनर. बी फ्लॅट मेजरचे सातही स्वर तेच असल्याने यंत्राची फसगत होते. काफी आणि खमाज या थाटांचे स्वर सा बदलून एकमेकांत मिळतात, तसाच हा प्रकार आहे. पट्टी ठरते ती कोणत्या स्वरावर विसावा मिळतो यावरून, आणि येथे प्रत्येक आवर्तन जीवर विसावते. बेसही रिफखाली त्याच स्वरावर सतत ठोके देत राहतो.

याहून सूक्ष्म शंका काही जण विचारतात : गिटार जर फक्त दोन स्वर वाजवते आणि सा-पंचमाच्या जोडीत गंधारच नाही, तर तिला मायनर का म्हणायचे? शंका रास्त आहे. एकट्या पहिल्या जोडीवरून मेजर-मायनर ठरवता येत नाही. पण पुढच्याच मात्रेला सुरावटीत कोमल गंधार येतो आणि निर्णय होतो. म्हणजे गंधार कॉर्डमध्ये नाही, चालीत आहे. याच कारणामुळे साथीला जी मायनरची पूर्ण तीन स्वरांची कॉर्ड वाजवू नये. तिने गाणे गोड होते, आणि त्याचा कणखरपणा जातो.

अ‍ॅपवर लय कधी 56 तर कधी 224 दिसते. असे का?

56 ही 112 ची निमपट आणि 224 दुप्पट. ठाय आणि दुगुण यांतला फरक माहीत असलेल्याला अधिक सांगण्याची गरज नाही : आवर्तन तेच, यंत्राने मात्रा कोठे धरली एवढाच प्रश्न. 113 किंवा 115 अशी आकडेवारी दिसली तरी गोंधळू नये. हे ध्वनिमुद्रण माणसांनी एकत्र वाजवलेले आहे, त्यात ठोके यंत्राने बांधलेले नाहीत, म्हणून लय किंचित हलते. सरावाला मात्र आधी 80 ला बसवून मग 112 पर्यंत यावे.

कोरसमध्ये (ध्रुवपदात) पट्टी बदलते का? तेथे काहीतरी परके वाजल्यासारखे वाटते.

पट्टी बदलत नाही, पण कान बरोबर सांगतो आहे. कडव्यात गिटार जी आणि एफ यांच्यावर राहते, म्हणजे सा आणि कोमल निषाद. त्यात परके काही नाही. कोरसमध्ये मात्र सी येतो, त्यानंतर ए फ्लॅट येतो आणि मग परत जी. ए फ्लॅट म्हणजे कोमल रिषभ, आणि जी मायनरच्या नेहमीच्या सात स्वरांत तो नाही. तेथे रिषभ शुद्ध असतो. भैरवीत कोमल रिषभावरून षड्जावर येताना जी ओढ जाणवते तीच ओढ येथे साऱ्या बँडच्या आवाजात जाणवते.

आता रिफच्या जोड्यांकडे परत पाहावे. तीव्र मध्यमाखाली कोणता स्वर होता? कोमल रिषभच. जो स्वर रिफमध्ये अर्ध्या मात्रेपुरता, खालच्या तारेवर, जवळजवळ लपून येतो, तोच कोरसमध्ये पाया होऊन उभा राहतो. म्हणून तो परका वाटला तरी खटकत नाही. कानाने तो आधीच अनेकदा ऐकलेला असतो. या गाण्यात मला सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे, आणि एका तारेवर रिफ शिकणाऱ्याला ती कधीच सापडत नाही.

तबल्यावर किंवा ढोलकीवर कोणता ठेका धरावा?

मोजणीला केरवा चालतो, पण वजन बदलावे लागते. आपण समेवर टाळी देतो. रॉकमध्ये चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा कडक आघात असतो, आणि पहिल्या-तिसऱ्यावर पायाच्या मोठ्या ड्रमचा खोल आवाज. भजनी ठेक्यावर वाढलेल्या हाताला हे उलटे वाटते. पायाने चारही मात्रा आणि टाळीने फक्त दुसरी व चौथी, असा सराव आठवडाभर केल्यास वजन जागेवर येते. ढोलकीवर पहिली-तिसरी धुमावर आणि दुसरी-चौथी शाईच्या बाजूला कडक थापेने वाजवावी.

हार्मोनियमवर किंवा बेंजोवर ही रिफ वाजते का?

हार्मोनियमवर उत्तम वाजते, आणि मूळ गाण्यातही जॉन लॉर्ड यांचा हॅमंड ऑर्गन गिटारबरोबर हीच रिफ वाजवतो. उजव्या हाताने जोड्या अशा धराव्यात : पांढरी दोनसह पांढरी पाच, पांढरी चारसह काळी पाच, पांढरी पाचसह वरची पांढरी एक, आणि काळी चारसह वरची काळी एक. हार्मोनियमचा स्वर दाबून ठेवला तर वाजतच राहतो, त्यामुळे पहिल्या तीन मात्रांवर बोट लवकर उचलावे.

मिरवणुकीतल्या बेंजोवर एक कळ साऱ्या चालीच्या तारा एकाच ठिकाणी दाबते. म्हणून त्या तारांपैकी एक तार षड्ज-मध्यमाच्या अंतराने खाली उतरवली की प्रत्येक कळीवर आपोआप हीच जोडी मिळते. तार उतरवूनच लावावी, चढवून नव्हे; चढवल्यास तुटते.

आमच्या गायकाला पांढरी पाच जमत नाही. पट्टी बदलली तर काय बिघडते?

गाण्याचे काही बिघडत नाही, गिटारवादकाचे बिघडते, कारण मोकळ्या तारांचा लाभ जातो. वर जायचे असल्यास दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा) लावावा, म्हणजे सा पांढरी सहावर येईल. खाली जायचे असल्यास सर्व तारा दोन अर्धस्वर उतरवून सा पांढरी चारवर आणावा. दोन्ही प्रकारांत बोटे तीच राहतात.

डिस्टॉर्शन लावल्यावर इतर कॉर्ड गढूळ होतात, पण ही रिफ स्वच्छ आणि जास्त भारदस्त होते. कारण काय?

डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करण्यात, दोन स्वरांच्या कंपनांच्या वजाबाकीचाही एक स्वर तयार होतो. मोकळ्या तिसऱ्या तारेची कंपने 196 आणि चौथीची सुमारे 147, वजाबाकी 49. ही 49 कंपने म्हणजे त्याच षड्जाचे दोन सप्तके खालचे रूप. वाजवणारा दोनच तारा छेडतो आणि अ‍ॅम्प्लिफायर त्याखाली आपल्या बाजूने सा भरतो. अंतर 4 : 3 इतके साधे असल्यामुळे हे घडते. तीन स्वरांच्या पूर्ण कॉर्डमध्ये अशा वजाबाक्या अनेक होतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून गढूळपणा येतो.

यासाठी आवाज मोठा असणे आवश्यक नाही. गेन (खरखर ठरवणारे बटण) वाढवून व्हॉल्यूम कमी ठेवता येतो, आणि शहापूर किंवा टिळकवाडीतल्या लागून असलेल्या घरांत तसेच करावे. खुद्द हे गाणे माँत्रोमधल्या ज्या सभागृहात प्रथम वाजवून मुद्रित केले गेले, तेथेही शेजाऱ्यांच्या तक्रारींवरून पोलीस आले होते आणि बँडला उरलेल्या कामासाठी एका बंद हॉटेलात जावे लागले.

गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात आम्ही पाच जण हे वाजवणार आहोत. सगळ्यांनी एकदम सुरुवात करावी का?

करू नये. मूळ गाण्यात प्रवेश टप्प्याटप्प्याने होतो : आधी गिटार एकटी, मग हाय-हॅट (ड्रममधली झांजांची जोडी) आणि ऑर्गन, मग बाकीचे ड्रम, सर्वांत शेवटी बेस, आणि बेस स्थिरावल्यावरच गायक. प्रत्येकाने आवर्तन मोजून समेवर यावे. गिटार एकटी वाजत असताना समोरची मंडळी टाळ्या धरतात आणि लय ओढू लागतात. अशा वेळी गिटारवादकाने त्यांच्यामागे जाऊ नये, पायाने 112 चा ठेका धरून राहावे. बेसवादकाने तर हात तारांवरून दूर ठेवून थांबावे, कारण त्याचा पहिला जी जेथे पडतो तेथेच ऐकणाऱ्याला खालचा षड्ज प्रथम पायाखाली जाणवतो.